खटक्याजवळचा माणूस

वायरमनच्या घरात “दे” हा शब्द चालत नसे. मीठ हवं असेल तर “मीठ इकडे कर” म्हणायचं, पाणी हवं असेल तर “पाणी आण”. एखादा पाहुणा दारात उभा राहून सहज “जरा पाणी द्या हो” म्हणाला, की वायरमनची बायको, सगळ्यांची वहिनी, तांब्या घेऊन पळत सुटायची, त्यानं पुन्हा मागू नये म्हणून. घरची गायसुद्धा दूध देत नव्हती, तिचं दूध काढावं लागे. शिव्यांना मात्र तोटा नव्हता, कारण त्या द्याव्याच लागतात असं नाही, घालताही येतात. गावाला हे सगळं माहीत होतं. रिकामटेकडे लोक मुद्दाम दारावरून जाताना “दे रे, दे रे” करत जायचे आणि म्हातारी आई झाडू घेऊन त्यांच्या मागे लागायची.

हे सुरू झालं गिरणीपासून. थोरला भाऊ वायरमन, धाकटा त्याच्या हाताखाली. थोरला वर चढून जोडणी करायचा आणि धाकटा खाली मेन स्विचजवळ थांबायचा. त्या स्विचच्या दांड्याला गावात सगळे खटकाच म्हणत. त्या दिवशी पिठाच्या गिरणीत मोटारीच्या तारा बदलायचं काम होतं. थोरला शिडीवर, तोंडात स्क्रू, एक हात तारांत. त्याला पक्कड हवी होती. दुसरा हात मागे करून तो म्हणाला, “दे.” धाकट्याला वाटलं, लाईन दे म्हणतोय, आणि त्यानं खटका वर केला.

दुसऱ्याच क्षणी धाकट्यानंच तो ओढून पाडला म्हणून थोरला जिवंत राहिला. पण असलं कोण लक्षात ठेवतो? थोरल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली, आणि गावानं धाकट्याला “खटक्या” करून टाकलं. त्याचं खरं नाव मतदानाच्या यादीपुरतं उरलं. लग्नाची बोलणी निघाली की मुलीकडचे विचारत, “म्हणजे तो खटक्याच ना?” आणि बोलणी तिथंच थांबत. शब्दावर बंदी आईनं घातली. ती म्हणाली, एका शब्दानं दोन्ही पोरं हातची गेली होती, तो शब्द या उंबऱ्याच्या आत नको.

थोरला त्याला कधी एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आरडाओरडा केला असता, चार कानाखाली वाजवल्या असत्या, तर धाकट्याचं ओझं उतरलं असतं. पण थोरला गप्प, आणि ती दोन ताठ बोटं रोज जेवताना समोर. घास उचलताना ती बाजूला उभी राहत आणि धाकट्याचा घास तोंडात फिरायचा. तेव्हापासून त्यानं खटक्याला हात लावला नाही. साधं दिव्याचं बटणसुद्धा नाही. संध्याकाळी घरात तो एकटा असला तर अंधारात बसून राही, वहिनी येऊन दिवा लावेपर्यंत. काम म्हणाल तर खडीच्या खाणीवर. दिवसभर घण घालायचा, दगड उचलायचे. अंगाचं लाकूड झालं होतं, पण बटणाचं नाव काढलं की त्याच हाताला घाम सुटे.

थोरला मग एकटाच काम करू लागला. त्याची पद्धत ठरलेली. खटका पाडायचा, आतला फ्यूज उपटून खिशात टाकायचा, आणि काम संपेपर्यंत खिशावर हात फिरवत राहायचं. फ्यूज खिशात म्हणजे लाईन कोणाच्या बापाला सुरू करता येणार नाही. ताठ बोटांमुळे कामाला वेळ लागे, लोक कुरकुर करत, पण वायरमन गावात एकच, करणार काय?

त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. विहिरीत दोर पुरेना. जमीन अशी वाळली की गुराच्या खुराचा ठसा उमटत नव्हता. आणि अशा दिवसांत नेटचा डबा लोकांना चावायला लागला.

डबा म्हणजे दूध डेअरीच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची एक बारकी खोली होती, तिच्यातलं माणसाच्या छातीएवढं लोखंडी कपाट. त्यात कंपनीची यंत्रं, खाली बॅटरी, बाहेर उंच खांब. गावातले सगळे फोन, डेअरीचा हिशेब, दवाखान्यातल्या नर्सबाईंचं बोलणं, सगळं त्या डब्यातून जाई. त्याची देखभाल वायरमनकडे होती, आणि घरात रोज चुलीवर शिजत होतं ते मुख्यतः त्या कामावर. मागच्या वर्षी विजा कडाडल्या तेव्हा डबा दोनदा जळला. कंपनीनं सांगून टाकलं होतं, पुन्हा जळला तर डबा टेकडीपलीकडच्या गावात नेणार. आणि आता डेअरीत दुधाचे कॅन धुणारी बाई ओल्या हातानं डब्याच्या दाराला टेकली तर तिच्या दंडापर्यंत मुंग्या आल्या. ती म्हणाली, डबा चावतो. लोक हसले. मग डेअरीचा माणूस टेकला, आणि हसणं थांबलं.

कंपनीनं इंजिनिअर मॅडम पाठवल्या. ठेंगण्या, उन्हानं लाल झालेल्या, स्वतःची जड पिशवी स्वतःच उचलून आणणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या चहा नको म्हटलं आणि डब्यापुढे उकिडव्या बसल्या. अर्ध्या दुपारात त्यांनी सगळं रोगनिदान केलं. डब्याच्या तीन पिनांच्या प्लगची वरची लांब पिन कोणीतरी मोडून टाकली होती, भिंतीतल्या सॉकेटला दोनच भोकं होती म्हणून. वाट चुकलेली वीज जमिनीत नेणारा अर्थिंगचा खड्डा वाळून कोरडा ठणठणीत, आणि त्यातल्या पाईपाला जोडलेली पट्टी गंजून सुटलेली. शिवाय डब्याची माती, म्हणजे अर्थिंग, वेगळी, बॅटरीची वेगळी, खांबाची वेगळी. वीज पडली की ती एका मातीतून शिरून दुसऱ्या मातीकडे जाते आणि वाटेत डबा भाजते, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांची माती एकच पाहिजे.

थोरल्याला हे पटलं. लांब पिनेचं तर तो पूर्वी धाकट्याला शिकवायचाच. “पंगतीत वडील माणूस आधी बसतो आणि शेवटी उठतो, तशी ही पिन. आधी माती, मग लाईन. काढताना आधी लाईन, मग माती.” त्यानं मॅडमना सांगितलं की तो एका दिवसात नवा खड्डा करतो. कॅन धुण्याची जागा ओली असते, तिथंच करू.

मॅडम म्हणाल्या, करा, पण एकट्यानं नाही. एक माणूस काम करणार आणि दुसरा नुसता मेन स्विचजवळ उभा राहणार. तो दुसरा तिथून हलणार नाही. हा त्यांचा नियम होता.

थोरल्यानं खिसा थोपटून फ्यूजची पद्धत सांगितली. मॅडमनी ती नीट ऐकली आणि चांगली आहे असंही म्हटलं. मग म्हणाल्या, “आणि लाईन परत सुरू केल्यावर तपासताना तुम्ही चिकटलात तर खटका कोण ओढणार?”

थोरल्यानं ताठ बोटांकडे पाहिलं. गिरणीत त्याच्यासाठी खटका ओढायला कोणीतरी होतं म्हणूनच तो तिथं उभा होता.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला. उद्या खटक्यापाशी माणूस पाहिजे, एवढंच तो म्हणाला आणि भात कालवत राहिला. वहिनी लगेच म्हणाली, मी थांबते. आई म्हणाली, शेजारच्या गावच्या वायरमनला बोलाव, त्याचे पाय धर हवं तर. धाकटा ताटात पाहत बसला.

“धाकट्या, येशील का?” थोरल्यानं विचारलं.

आईचा हात हवेत थांबला. धाकटा म्हणाला, “दादा, दुसरं कोणी बघ. माझा हात बरा नाही.”

“हात माझा बरा नाही,” थोरला म्हणाला. “तुझे दोन्ही धडधाकट आहेत. मी सगळ्यांचा विचार केला. कोणीही येईल, खटक्यापाशी उभा राहील आणि दहा मिनिटांनी तंबाखू मळायला लागेल. मला घाबरलेला माणूस पाहिजे. तुझ्याइतका घाबरलेला अख्ख्या गावात दुसरा नाही.”

वहिनीला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. धाकट्याला हसावं की रडावं कळेना. इतक्या वर्षांत दादा त्या गोष्टीबद्दल पहिल्यांदा बोलला होता, आणि बोलला तेही असं. तो “बरं” म्हणाला. तोंडातून शब्द गेला तो गेला.

सकाळी ऊन चढायच्या आत खड्डा सुरू झाला. खणण्यात धाकट्याचा हात कोणी धरणारं नव्हतं. वरचा थर ओला होता, पण हातभर खाली गेल्यावर मुरूम लागला आणि पहार उडायला लागली. तो पहार घालायचा, थोरला फावड्यानं घमेलं भरायचा, वहिनी घमेलं नेऊन ओतायची. घाम डोळ्यांत जाऊन चुरचुरत होता. कोणी फार बोलत नव्हतं, आणि न बोलता काम चाललेलं धाकट्याला बरं वाटत होतं. माणूस कंबरेइतका आत गेल्यावर थोरल्यानं “पुरे” म्हटलं. मधोमध पाईप उभा केला आणि त्याच्याभोवती कोळसा, मीठ, माती, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असे थर भरत आणले. मीठ पाहून कॅन धुणारी बाई म्हणाली, लोणचं घालताय का? थोरला म्हणाला, हो, मुरायला ठेवतोय, विजेला वाढणार आहे.

खड्डा सगळा बुजवला नव्हता. पाईपाचं डोकं उघडं ठेवून गुडघाभर खोल जागा मोकळी ठेवली होती, पट्टी जोडायला आणि पाणी घालायला. मॅडम पत्र्याच्या खोलीत डब्यात काम करत होत्या. त्यांनी प्लग उपटून आतलं जुनं पॉवर युनिट काढलं, नवं बसवलं, आणि डबा, बॅटरी आणि खांब एका जाड पट्टीला बांधले; प्लगच्या जागी पक्की जोडणी खटका पाडल्यावर करायची होती. त्या पट्टीचं शेवटचं टोक भिंतीतल्या भोकातून बाहेर खड्ड्यापाशी सोडलं होतं. ते तेवढं पाईपाला नटबोल्टनं आवळायचं बाकी राहिलं.

थोरला खड्ड्यात उतरायच्या आधी धाकट्याला डेअरीच्या पुढच्या खोलीत घेऊन गेला. मेन स्विच तिथल्या भिंतीवर होता. त्यानं धाकट्याकडून खटका खाली करवून घेतला. धाकट्यानं तो खाली केला तेव्हा दांडा त्याच्या तळहाताला चिकटल्यासारखा झाला. मग थोरल्यानं फ्यूज उपटला. टेस्टर लावून पाहिला, आणि टेस्टर कधी कधी खोटं बोलतो म्हणून दोन तारांचा बल्ब लावूनही पाहिला. बल्ब पेटला नाही, म्हणजे लाईन बंद. थोरला म्हणाला, “फ्यूज तुझ्या खिशात ठेव. मी स्वतः या दारात येईन आणि ‘लाव’ म्हणेन. मी दिसलो नाही तर काही करायचं नाही. इकडे आग लागली तरी नाही.” असं म्हणून तो मागे गेला.

धाकटा एकटा उरला. मॅडम मागच्या दारापलीकडे पत्र्याच्या खोलीत जोडणी करत होत्या, त्यांच्या स्क्रूड्रायव्हरचा आवाज येत होता. भिंतीत वर एक झरोका होता, त्यातून खड्ड्याकडचं बोलणं ऐकू येई. दुधाच्या आंबूस वासानं खोली भरलेली, माश्या घोंगावत होत्या. फ्यूज खिशात ठेवायचा सोडून त्यानं मुठीत धरला होता, त्याच्या कडा तळव्यात रुतत होत्या. त्याला वाटलं, खिशाला भोक असतं, मुठीला नसतं. वेळ जाता जाईना. बाहेर थोरला कण्हत वाकल्याचा आवाज, पट्टी पाईपाला घासल्याचा आवाज. ताठ बोटांनी नट धरत नसणार, हे धाकट्याला न पाहता कळत होतं.

मॅडम मागच्या दारातून आत आल्या. हात पुसत म्हणाल्या, त्यांच्याकडचं सगळं झालं, झाकण लावलं, आता फक्त लाईन घेऊन पाहायची.

तेवढ्यात झरोक्यातून थोरल्याचा आवाज आला.

“दे. दे लवकर.”

मॅडम धाकट्याकडे वळल्या. “झालं वाटतं त्यांचं. द्या लाईन.”

धाकट्याचा हात उठलेला होता. त्यानं नंतर वहिनीला तेच सांगितलं, की मी विचार करायच्या आधी हात उठला होता, फ्यूज त्याच्या खाचेपुढे गेला होता. कानात गिरणीचा पट्टा फिरावा तसा आवाज सुरू झाला. आवाज दादाचाच होता, शब्द तोच होता, आणि समोर शिकलेली बाई हो म्हणत होती. मग हात थांबला. तो कसा थांबला ते त्याला कधीच सांगता आलं नाही.

“थांबा मॅडम,” तो म्हणाला. “मी बघून येतो.”

“अहो, ते ‘दे’ म्हणाले ना?”

“म्हणाले. म्हणूनच बघून येतो.”

फ्यूज मुठीत तसाच धरून तो डेअरीला वळसा घालून मागे गेला. खड्ड्यात थोरला घोट्यापर्यंत चिखलात उभा होता. पट्टीचं सुटं टोक त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं, पोटाशी आवळून, कारण बोटांत जोर नव्हता. नट अजून पाईपावर चढला नव्हता. काठावर वहिनी पाण्याची घागर घेऊन उभी होती. ती ओतत नव्हती. नुसती नवऱ्याकडे पाहत होती आणि तिच्या ओठांचा रंग गेला होता, कारण तिनंही तो शब्द ऐकला होता.

थोरल्यानं वर पाहिलं. धाकट्याचं तोंड पाहिलं. मग बायकोचं.

“मी काय म्हणालो?” त्यानं विचारलं.

धाकट्यानं मूठ उघडून दाखवली. फ्यूज तळव्यात होता, आणि तळव्यावर त्याचे लाल वळ उठले होते. मग तो तिथंच मातीच्या ढिगावर बसला. वहिनीनं घागर खाली ठेवली आणि ती भडाभडा बोलायला लागली, घशाला कोरड पडली होती तर वर येऊन प्यायचं होतं, घागर मागायला दुसरा शब्द नव्हता का, घरात इतकी वर्षं पोपटासारखं पढवलं ते कशाला.

थोरला पट्टी सोडून काठाला टेकला.

“गिरणीतही मी असंच म्हणालो होतो,” तो म्हणाला. “पक्कड म्हणालो नव्हतो. तोंडात स्क्रू होता, नुसतं ‘दे’ म्हणालो. मला त्या दिवसापासून माहीत आहे. गाव तुला बोलत राहिलं आणि मी ऐकत राहिलो. चूक माझी होती, धाकट्या.”

इतकी वर्षं धाकट्याच्या छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी सहज उचलून बाजूला ठेवला होता, आणि आता श्वास घ्यायची सवयच राहिली नव्हती. त्याला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, “दादा, आधी ती पट्टी आवळ. मी नट धरतो.”

तो खड्ड्यात उतरला. एकानं पट्टी दाबून धरली, दुसऱ्यानं नट चढवला आणि पान्यानं करकचून आवळला. वहिनीनं घागर ओतली, मग आणखी एक आणून ओतली. पाणी कोळशात सूं सूं करत जिरलं. मॅडमनी मीटर लावून खड्डा मोजला आणि म्हणाल्या, उत्तम, एवढा चांगला खड्डा त्यांनी या भागात पाहिला नव्हता.

मग धाकटा खटक्यापाशी गेला. थोरला चिखलाच्या पायांनी चालत दारात आला, पूर्ण दिसेल असा उभा राहिला आणि म्हणाला, “लाव.”

धाकट्यानं फ्यूज खाचेत बसवला. खटका वर केला.

फट् असा आवाज झाला, ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. धाकट्यानं खटका ओढून पाडला तो आवाज विरायच्या आत.

मग मॅडमच्या तोंडावरचा लाल रंग उतरला. त्या पळत आत गेल्या, नव्या पॉवर युनिटचं झाकण उघडलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. थोरला आत डोकावला. एक तार झाकणाच्या कडेखाली चिमटली होती आणि पत्र्यानं तिची साल कापून आतलं तांबं उघडं पडलं होतं. म्हणजे लाईन सरळ डब्याच्या अंगावर. डब्याच्या अंगावरून पट्टीत. आणि पट्टीचं सुटं टोक थोड्या वेळापूर्वी थोरल्याच्या पोटाशी होतं, पाय चिखलात. आता पट्टी मातीला जोडलेली होती म्हणून वीज मातीत गेली आणि फ्यूज मेला. तेव्हा लाईन दिली असती तर वीज थोरल्याच्या अंगातून गेली असती, आणि फ्यूज कदाचित मेलाही नसता.

“झाकण मीच लावलं,” मॅडम म्हणाल्या. “आणि लाईन द्या असं मीच म्हणाले.” त्या जवळच्या दुधाच्या कॅनवर बसल्या.

धाकटा म्हणाला, “तुम्हाला माहीत नव्हतं, मॅडम. तो शब्द आमच्या घरात वेडा झालेला आहे.”

हे ऐकून थोरला हसायला लागला. आधी नुसता खांदे हलवत, मग मोठ्यानं, मग भिंतीला धरून. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यानं पुसलं नाही. आज मी मेलो होतो, असं तो म्हणत होता आणि हसत होता. वहिनीनं त्याला दटावलं, असलं अभद्र बोलायचं काम नाही म्हणाली, आणि तीही हसायला लागली. याच वेळी आई जेवणाचं गाठोडं घेऊन आली. सगळे जण चिखलानं माखलेले, निम्मे हसतायत, निम्मे रडतायत, कंपनीची बाई दुधाच्या कॅनवर डोकं धरून बसलेली. आईनं विचारलं, कोण मेलं. धाकटा म्हणाला, कोणी नाही आई, कोणीच नाही मेलं. आणि हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्यानं ते पुन्हा म्हटलं.

सगळं ऐकून झाल्यावर आई खाली बसली, हात गुडघ्यांवर ठेवून. मग म्हणाली, “बघा. मी म्हणत होते ना, तो शब्द नको घरात. सगळे मला वेडी म्हणत होते.” एवढं म्हणून तिनं गाठोडं सोडलं आणि मॅडमना सगळ्यात आधी वाढलं.

जेवण झाल्यावर मॅडमनी ती तार बदलली आणि झाकण लावताना चारही कडांवर बोट फिरवून पाहिलं. थोरल्यानं फ्यूजला नवी तार घातली. तो पुन्हा दारात येऊन उभा राहिला, पुन्हा “लाव” म्हणाला, आणि धाकट्यानं पुन्हा खटका वर केला. या वेळी काही झालं नाही. तेच हवं होतं. आत डब्यावर एकेक हिरवा दिवा लागत गेला आणि बाहेर कोणाचा तरी फोन वाजला. मॅडमनी टेस्टर लावला, मीटर लावला, आणि मग म्हणाल्या, आता कोणी हात लावून पाहिला तरी हरकत नाही. धाकटा पुढे झाला. थोरल्यानं शिकवलं होतं तसा त्यानं हाताचा मागचा भाग टेकवला. मग तळहात टेकवला. मग सगळा पंजा. पत्रा उन्हानं थोडा कोमट होता, बाकी पत्र्यासारखा पत्रा. कॅन धुणारी बाई ओल्या हातानं येऊन दाराला टेकली आणि म्हणाली, आता चावत नाही हो.

तो खड्डा रोज थोडं पाणी मागणार होता. थोरला म्हणाला, कॅन धुतल्याचं पाणी इकडेच वळवू. धाकट्यानं दुसऱ्या दिवशी खाणीला दांडी मारून एक चारी खणून पाण्याला वाट केली. तिसऱ्या दिवशीही तो खाणीवर गेला नाही. कोणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. थोरल्याबरोबर एका घराचं वायरिंग बघायला गेला आणि खटक्यापाशी उभा राहिला. तिथंही थोरला दारात येऊन “लाव” म्हणाला.

आठवडाभरानं दुपारी आभाळ काळं झालं. वारा सुटला, पत्रे वाजायला लागले आणि विजा अशा पडल्या की आई कानावर हात ठेवून कोपऱ्यात जाऊन बसली. एक तर डेअरीच्या अंगालाच पडली, कडाड् करून. धाकटा पोतं डोक्यावर घेऊन भर पावसात धावत गेला. मेन स्विच थंड, फ्यूज शाबूत, डब्यावरचे हिरवे दिवे आपले शहाण्यासारखे लुकलुकत होते. तो तिथंच उभा राहून भिजलेल्या अंगानं त्यांच्याकडे पाहत राहिला आणि एकटाच हसला. घरी आला तेव्हा थोरला जाजमावर पालथा पडून घोरत होता. गिरणीनंतर विजांच्या आवाजात तो कधी झोपला नव्हता. वहिनीनं तोंडावर बोट ठेवलं आणि दाराला पडदा ओढला.

त्या वादळानं गावातली बरीच घरं अंधारात गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी आला. त्याच्या घरची लाईन गेली होती आणि कापलेले कपडे मशीनवर तसेच पडले होते. तो घाईत होता, चप्पल न काढता उंबऱ्यापाशीच उभा राहिला. आत थोरला चहा पीत बसला होता आणि धाकटा मागच्या दारी तोंड धूत होता.

शिंप्यानं आत मान घालून विचारलं, “वायरमन आहे का घरात?”

“कोणता पाहिजे?” थोरला म्हणाला. “इथं दोघं आहोत.”

मागच्या दारचं पाणी थांबलं. धाकटा ओल्या तोंडानं तसाच आत आला, सदऱ्याला हात पुसत, आणि म्हणाला, “चला, मी येतो.”